गुलाबी बोंडअळी पुन्हा का येते? एकमेकांना बदलवणाऱ्या जीवांचं गणित, सोप्या भाषेत

२००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न आता संपला असं अनेकांना वाटलं होतं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी हिरवी बोंडं फोडून पाहिली, तर आत गुलाबी बोंडअळी बसलेली होती. जे विष तिला मारण्यासाठी झाडात घातलं होतं, तेच ती पचवत होती.

ऑस्ट्रेलियात काहीसं असंच १९५० च्या दशकात घडलं होतं. सशांचा सुळसुळाट थांबवण्यासाठी तिथे एक विषाणू सोडण्यात आला. सुरुवातीला तो १०० पैकी ९९ हून जास्त सशांना मारत होता. काही वर्षांतच ससे वाचू लागले आणि विषाणूही बदलला.

एकीकडे अळी, दुसरीकडे ससा. दोन्ही ठिकाणी चाललेली प्रक्रिया मात्र एकच आहे. तिला 'सहउत्क्रांती' म्हणतात आणि गेली अनेक दशकं शास्त्रज्ञ ती गणिताच्या समीकरणांत मांडतायत. ही समीकरणं 'शेवटी कोण जिंकणार' हे सांगत नाहीत. कोणत्या अटी पाळल्या तर किती काळ टिकाव लागेल, हे सांगतात. अटी मोडल्या की काय होतं, हे कापसाच्या शेतात दिसलं.

सहउत्क्रांती म्हणजे नेमकं काय?

दोन प्रजातींचं जगणं एकमेकांत गुंतलेलं असेल, तर एकीत झालेला बदल दुसरीवर दबाव आणतो. मग दुसरी बदलते आणि तो दबाव उलटून पहिलीवर येतो. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या या देवाणघेवाणीला सहउत्क्रांती म्हणतात.

उदाहरणं आपल्या आसपासच आहेत. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. अंडी जितकी कावळ्याच्या अंड्यांसारखी दिसतील, तितकी फसवणूक सोपी. कावळा जितका चाणाक्ष, तितकी ती अवघड.

प्रत्येक वेळी शत्रुत्वच असतं असंही नाही. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. उंबराची फुलं खरंतर फळाच्या आत दडलेली असतात. गांधीलमाशीच्या नात्यातला एक चिमुकला कीटक आत शिरून त्यांचं परागीभवन करतो आणि तिथेच अंडी घालतो. झाडाला हा कीटक लागतो आणि कीटकाला हे झाड.

चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये मादागास्करच्या एका ऑर्किडबद्दल असाच अंदाज बांधला होता. त्या फुलाची मधाची नळी जवळपास ३० सेंटीमीटर लांब होती. म्हणजे तितकी लांब सोंड असलेला पतंगही तिथे असलाच पाहिजे, असं डार्विनचं म्हणणं होतं. तसा पतंग सापडल्याची शास्त्रीय नोंद १९०३ मध्ये झाली. तोवर डार्विनला जाऊन २१ वर्षं झाली होती.

'सहउत्क्रांती' हा शब्द रूढ झाला तो पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन यांच्या १९६४ च्या शोधनिबंधामुळे. त्यात फुलपाखरं आणि त्यांच्या अळ्या खात असलेल्या वनस्पती यांचा अभ्यास होता. गंमत म्हणजे त्याच्या सहा वर्षं आधी, १९५८ मध्ये, चार्ल्स मोड यांच्या एका निबंधाच्या शीर्षकात हा शब्द आला होता. तो निबंध परजीवी आणि त्यांचे यजमान यांच्या गणिती मॉडेलवर होता. म्हणजे या विषयात गणित मागाहून आलेलं नाही, ते जवळपास सुरुवातीपासूनच आहे.

यात गणित कुठून आलं?

सुरुवात माशांपासून झाली. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली. त्या काळात इटलीच्या बंदरांवर येणाऱ्या मासळीत शिकारी माशांचं प्रमाण वाढल्याचं उंबेर्तो दांकोना या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. त्यांनी हे कोडं आपले सासरे, गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवलं. १९२६ मध्ये व्होल्तेरांनी शिकारी आणि शिकार यांच्या संख्येची समीकरणं मांडली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी तशीच समीकरणं स्वतंत्रपणे मांडली होती. म्हणून ती आज 'लोटका-व्होल्तेरा समीकरणं' म्हणून ओळखली जातात.

त्यांचा गाभा सोपा आहे. भक्ष्य वाढलं की शिकारी वाढतात, शिकारी वाढले की भक्ष्य घटतं, भक्ष्य घटलं की शिकारी उपाशी मरतात. मग चक्र पुन्हा सुरू होतं.

पण या समीकरणांत एक उणीव होती. त्यांत माशांची संख्या बदलते, मासे स्वतः बदलत नाहीत. प्रत्यक्षात भक्ष्य अधिक चपळ होतं आणि शिकारीही. सहउत्क्रांतीच्या मॉडेलमध्ये म्हणून दोन गोष्टींचा हिशोब एकाच वेळी ठेवावा लागतो: कोण किती आहेत आणि ते कसे आहेत. दोन्ही आकडे एकमेकांना ढकलत राहतात.

सशांची गोष्ट काय आहे?

१८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपोटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात २४ ससे आणवले. काही दशकांत त्यांची संख्या कोट्यवधींवर गेली. कुरणं उजाड झाली. कुंपणं, सापळे, विष, कशाचाच उपयोग झाला नाही.

१९५० मध्ये मिक्झोमा विषाणू सोडण्यात आला. डासांमार्फत तो पसरला आणि सशांचा फडशा पाडू लागला. त्याच सुमारास काही भागांत माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांनी या विषाणूवरच संशय घेतला. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लन बर्नेट आणि इयन क्लूनिस रॉस या तीन शास्त्रज्ञांनी हा विषाणू स्वतःलाच टोचून घेतला. तिघांनाही काही झालं नाही.

फेनर यांनी पुढची अनेक वर्षं जंगलातून विषाणूचे नमुने गोळा केले. किती ससे मरतात आणि किती दिवसांत मरतात, यावरून त्यांनी विषाणूचे पाच दर्जे पाडले. पहिला दर्जा सर्वांत जहाल. त्यात ९९ टक्क्यांहून जास्त ससे सरासरी १३ दिवसांच्या आत मरत. पाचव्या दर्जात निम्म्याहून कमी ससे मरत.

काही वर्षांतच सर्वाधिक आढळू लागला तो मधला, तिसऱ्या दर्जाचा विषाणू. तो ७० ते ९५ टक्के सशांना मारत होता, पण त्यासाठी १७ ते २८ दिवस घेत होता. दुसऱ्या बाजूला ससेही बदलत होते. एकाच ताकदीच्या विषाणूने आधी सुमारे ९० टक्के ससे मरायचे. सात साथी झेललेल्या सशांच्या एका वस्तीत हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आलं.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संग्रहालयांतल्या जुन्या सशांची जनुकं आजच्या सशांशी ताडून पाहिली गेली. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि फ्रान्स या तिन्ही ठिकाणच्या सशांत प्रतिकाराशी संबंधित जनुकांमध्ये सारखेच बदल झाल्याचं दिसलं.

विषाणू मधल्यावरच का थांबला?

१९८२ मध्ये रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी याचं गणित मांडलं. मे मूळचे ऑस्ट्रेलियाचेच. भौतिकशास्त्राकडून ते जीवशास्त्राकडे वळले होते.

विषाणूचं यश मोजायचं कसं? एका आजारी सशापासून किती नव्या सशांना लागण होते, यावरून. हा आकडा ढोबळमानाने दोन गोष्टींच्या गुणाकारातून मिळतो: रोज किती जणांना लागण होते आणि ससा किती दिवस विषाणू पसरवत राहतो.

समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ.

- जहाल विषाणू: रोज सरासरी १ सशाला लागण, पण आजारी ससा १० दिवसांत मरतो. एकूण १० नवे ससे.
- मध्यम विषाणू: रोज ०.८ लागण, ससा २२ दिवस जगतो. एकूण साधारण १८.
- सौम्य विषाणू: अंगावरच्या फोडांत विषाणू कमी, म्हणून डासांच्या सोंडेलाही कमीच लागतो. रोज ०.३ लागण, ३० दिवस. एकूण ९.

मधला विषाणू बाजी मारतो. सशाची दया आली म्हणून तो मवाळ झालेला नाही. मेलेला ससा विषाणू पसरवू शकत नाही आणि फार सौम्य विषाणू डासाच्या सोंडेपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. या दोन तोट्यांमधला सर्वांत फायद्याचा बिंदू मध्ये पडला, इतकंच.

म्हणजे प्रत्येक विषाणू हळूहळू सौम्य होतो का?

कोरोनाच्या काळात हा दावा व्हॉट्सअ‍ॅपवर खूप फिरला. त्याच्या समर्थनार्थ अनेकदा सशांचंच उदाहरण दिलं जातं. पण गणित तसं म्हणत नाही.

सौम्य होण्यात विषाणूचा फायदा असेल तरच तो सौम्य होतो. कोरोनाचा विषाणू बहुतांशी लागण झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत पसरतो. रुग्ण दगावतो तो बऱ्याचदा त्यानंतर. म्हणजे रुग्ण वाचला काय किंवा दगावला काय, विषाणूचं पसरण्याचं काम आधीच उरकलेलं असतं. त्याला सौम्य व्हायचं फारसं कारणच उरत नाही. डेल्टा व्हेरियंट आधीच्या व्हेरियंटपेक्षा जास्त घातक ठरला, हे सगळ्यांनी पाहिलं.

सशांची गोष्टही 'तिसऱ्या दर्जावर' संपली नाही. ससे कणखर झाल्यावर समीकरणातले आकडेच बदलले. सौम्य विषाणूला कणखर ससा लवकर झटकून टाकू लागला. त्यामुळे पुन्हा अधिक जहाल विषाणूचा फायदा होऊ लागला. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात गोळा केलेल्या काही नमुन्यांची प्रयोगशाळेतल्या सशांवर चाचणी केली, तेव्हा ते अतिशय घातक आढळले. दोन्ही बाजूंमध्ये झाला होता तो कायमचा तह नव्हता.

मग ही शर्यत कधी संपते का?

अनेकदा नाही. १९७३ मध्ये ली व्हॅन व्हेलन यांनी या कल्पनेला 'रेड क्वीन' हे नाव दिलं. लुईस कॅरोलच्या अ‍ॅलिसच्या गोष्टीतल्या राणीच्या राज्यात आहे तिथेच राहण्यासाठीही सतत पळावं लागतं. त्यावरून हे नाव आलं.

मॉडेलमध्ये हे चक्र असं दिसतं. यजमानांमध्ये एक वाण फार वाढला की परजीवी नेमका त्याच्यावर हल्ला करायला शिकतो. तो वाण घटतो आणि आजवर दुर्मीळ असलेला दुसरा वाढतो. मग परजीवी त्याच्या मागे लागतो. 'सगळ्यांसारखं असणं' हाच धोका होऊन बसतो.

याचा पुरावा बेल्जियममधल्या एका तळ्याच्या गाळात मिळाला. तिथे डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, आणि त्याला आजारी पाडणारे जिवाणू असे दोघेही गाळाच्या थरांत वर्षानुवर्षं निद्रिस्त अवस्थेत पडून होते. शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या थरांतले दोन्ही जीव पुन्हा जिवंत केले आणि एकमेकांसमोर आणले. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिवाणूंनी आपल्याच काळातल्या पाणपिसूंना सर्वाधिक बाधा केली. आधीच्या आणि नंतरच्या काळातल्या पाणपिसूंना कमी. दोघेही सतत बदलत होते, पण कोणीच कायमचं पुढे गेलं नव्हतं.

आता बोंडअळीकडे: 'रेफ्युजी' ओळींचं गणित

कपाशीत थोडा फरक आहे. इथे झाड आपणहून बदलत नाही, झाडाच्या वतीने माणूस डाव टाकतो. बीटी कपाशीत एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यामुळे झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. अळीच्या बाजूने मात्र उत्क्रांतीच खेळते.

अळी कधीतरी हे विष पचवायला शिकणार, हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. प्रश्न होता, किती काळात? तो काळ लांबवण्यासाठी एक उपाय मॉडेलमधूनच पुढे आला: बीटीच्या शेजारी काही साधी, बिगर बीटी कपाशी लावा. तिलाच 'रेफ्युजी' म्हणतात. कीड जगावी म्हणून मुद्दाम पीक लावायचं हे ऐकायला उफराटं वाटतं. पण हिशोब करून पाहा.

समजा, एका भागात १ कोटी अळ्या आहेत. प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. विष पचवणारी प्रत दुर्मीळ आहे, हजारात एक. दोन्ही प्रती तशाच असतील तरच अळी बीटीवर जगते असं धरू. म्हणजे १० लाखांत एक, एक कोटीत फक्त १०.

- सगळीकडे बीटी असेल तर: फक्त या १० अळ्या जगतात. त्यांचे पतंग आपसातच जुगतात. पुढची सगळी पिढी विष पचवणारी.
- २० टक्के रेफ्युजी असेल तर: बीटीवरच्या ८० लाखांपैकी ८ अळ्या जगतात. रेफ्युजीवर मात्र जवळपास २० लाख साध्या अळ्या जगतात. त्या आठांना जोडीदार मिळतो तो जवळजवळ नक्की साधा. पिल्लांत विष पचवणारी प्रत एकच येते आणि ती बीटीवर मरतात. विष पचवणाऱ्या प्रतीचं प्रमाण हजारात १ वरून फक्त १.००४ वर जातं.

हाच हिशोब पुढे नेला, तर प्रतिकार पसरायला लागणाऱ्या पिढ्या ढोबळमानाने अशा येतात:

- रेफ्युजी नाही: १ पिढी
- ५ टक्के रेफ्युजी: सुमारे ५० पिढ्या
- २० टक्के रेफ्युजी: सुमारे २५० पिढ्या

हंगामाला पाच पिढ्या धरल्या, तर ५० पिढ्या म्हणजे १० हंगाम आणि २५० म्हणजे ५० हंगाम. हे मुद्दाम सोपं केलेलं गणित आहे, पण रेफ्युजीची किंमत त्यातून कळते.

भारतात काय झालं?

नियम भारतातही होता. २० टक्के क्षेत्रावर किंवा बीटीभोवती पाच ओळी बिगर बीटी लावायची. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट मिळायचं. बहुतेक ठिकाणी ते लावलंच गेलं नाही.

यात शेतकऱ्याचा हिशोब समजून घ्यायला हवा. दोन-चार एकरवाल्याने स्वतःच्या रानात बोंडअळीला चरायला जागा का ठेवावी? तोटा त्याच्या एकट्याचा, फायदा मात्र सगळ्या शिवाराचा. त्यात रेफ्युजीच्या बियाण्याच्या दर्जाबद्दलही तक्रारी होत्या. पुढे देशातल्या ९० टक्क्यांहून जास्त कपाशीवर बीटीच दिसू लागली.

बाकीच्या अटीही ढिल्या पडल्या. भारतात संकरित वाण लावले जातात. त्यांच्या एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष असतं, काहींत नसतं. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. म्हणजे तिला मरण्याइतकं विष दर वेळी मिळतंच असं नाही. त्यात फरदड घेतली की हंगाम लांबतो आणि अळीला आणखी पिढ्या मिळतात.

परिणाम ठरलेला होता. २००८ मध्ये गुजरातमधून गोळा केलेल्या अळ्यांमध्ये पहिल्या बीटी प्रथिनाला प्रतिकार आढळला. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं बियाणं आलं होतं, पण २०१५ च्या आसपास तेही निष्प्रभ ठरू लागलं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात डोमकळ्या आणि कवडी कापूस यांनी रानं भरली.

दुसरीकडे वेगळं घडलं का?

हो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामध्ये १९९६ पासून बीटी कपाशी आहे. तिथे सुरुवातीची दहा वर्षं रेफ्युजी नेटाने लावली गेली. २००६ पासून वांझ केलेले पतंग मोठ्या संख्येने सोडण्यात आले. काम तेच होतं, प्रतिकारक पतंगाला निरुपयोगी जोडीदार मिळवून देणं. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं.

चीनच्या यांगत्से खोऱ्यातली गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिथे बरेच शेतकरी संकरित कपाशीच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं लावू लागले. त्यातली साधारण पाव झाडं आपोआप बिगर बीटी निघतात. कोणीही सक्ती न करता रेफ्युजी तयार झाली आणि तिथली अळी बीटीला बळी पडतच राहिली. भारतातही पुढे बिगर बीटी बियाणं त्याच पाकिटात मिसळून द्यायचा मार्ग पुढे आला.

या गणिताच्या मर्यादा काय?

मॉडेल हा नकाशा आहे, प्रत्यक्ष रान नव्हे. एकाच जोडीची गोष्ट जागेप्रमाणे बदलते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक विषारी न्यूट आणि त्याला खाणारा गार्टर साप यांच्यात अशीच शर्यत आहे. काही ठिकाणी दोघेही कमालीचे पुढे गेलेत. काही ठिकाणी दोघेही साधेच आहेत. काही ठिकाणी सापाचा प्रतिकार इतका पुढे गेलाय की न्यूटचं विष त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतं. सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नसतं.

बोंडअळीचा हिशोबही तीन गृहीतकांवर उभा आहे: प्रतिकाराच्या दोन्ही प्रती असल्याशिवाय अळी जगत नाही, बीटी आणि रेफ्युजीवरचे पतंग एकमेकांत मिसळतात आणि रेफ्युजी खरोखर लावली जाते. पहिली दोन गृहीतकं जीवशास्त्राची आहेत. तिसरं माणसाच्या वागण्याचं आहे आणि ते कुठल्याही समीकरणातून आपोआप पूर्ण होत नाही.

थोडक्यात

- दोन प्रजाती एकमेकांना पिढ्यान् पिढ्या बदलवत राहतात, त्याला सहउत्क्रांती म्हणतात.
- विषाणू आपोआप सौम्य होत नाही. पसरण्यासाठी जे फायद्याचं असेल, तिकडे तो झुकतो.
- कीड कोणत्याही विषावर कधी ना कधी मात करू शकते. तो दिवस किती लांबवायचा, हे बऱ्याच अंशी माणसाच्या हातात असतं.
- बीटीसोबतची रेफ्युजी म्हणजे वाया घालवलेली जमीन नव्हे. बीटीचं आयुष्य वाढवण्यासाठी भरलेला तो हप्ता असतो. सगळ्या शिवाराने तो भरला तरच त्याचा उपयोग होतो.